क्रूझ बुक करण्याआधी मुलांची वयं मांडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या सुट्टीवर पानभर आलं होतं. एका बाजूला नवीन लग्न झालेलं जोडपं, दुसऱ्या बाजूला घसरगुंडीवर पाच-सहा वर्षांची मुलं, खाली ट्रॅव्हल एजन्सींच्या जाहिराती. आम्ही वास्कोला सड्यावर राहतो, सीझनमध्ये मुरगाव बंदराला लागलेली मोठी पांढरी जहाजं आम्हाला गच्चीवरून दिसतात, त्यामुळे ते पान घरात सगळ्यांनीच वाचलं. आणि वाचून झाल्यावर मला एकच वाटलं, की ज्यांची मुलं आता लहान नाहीत पण पुरती मोठीही झालेली नाहीत, अशा घरांसाठी यात एक ओळसुद्धा नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, कापावं लागलं तर कापा, पण वयाचा भाग तेवढा ठेवा अशी विनंती आहे.

आमची तीन मुलं. थोरली २३ची, पुण्याला नोकरी करते. मधला १९चा, फर्मागुडीला इंजिनियरिंगला. धाकटी १७ची, नुकतीच बारावी दिलेली. पाचही जण मिळून कुठे गेलो त्याला चार वर्षं झाली होती, चवथीला सगळे घरी येतात तेवढंच. थोरलीच्या लग्नाचं बघायचं सुरू आहे, म्हणजे असं सगळ्यांनी एकत्र जायची ही बहुतेक शेवटचीच वेळ, हे माझ्या आणि ह्यांच्या दोघांच्याही मनात होतं, तोंडाने कुणी बोललं नाही. क्रूझची कल्पना ह्यांची. ह्यांच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मुंबई-पणजी बोटीचे दिवस बघितलेले, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं आमच्या घरात नातेवाईकांची घ्यावीत तशी घेतली जायची. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, डेकवर चादर टाकून जागा धरायची, घरून आणलेला डबा सोडायचा, एकेक बंदर घेत घेत बोट दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची, आणि त्या एका दिवसात शेजारच्या चादरीवरच्या माणसांशी सोयरीक जुळायची असं त्या सांगायच्या. आता त्या नाहीत. पण समुद्रावर रात्र काढायची हे ह्यांच्या डोक्यात तिथूनच आलं.

आमच्या शेजारी एक निवृत्त तारवटी काका राहतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात तर घर सोडून घर तारवटी सापडेल. काकांचं सगळं आयुष्य पॅसेंजर जहाजांच्या किचनमध्ये गेलेलं. आम्ही त्यांच्याकडे ब्रोशरं घेऊन गेलो आणि कुठलं जहाज चांगलं असं विचारलं, तर ब्रोशर न उघडताच म्हणाले, "जहाज मागीर पळयात, पयलीं भुरग्यांक विचारात," म्हणजे जहाज नंतर बघा, आधी मुलांना विचारा. नंतर त्यांनी तिघांची वयं विचारली, आणि १९ ऐकल्यावर म्हणाले की हा तुमचा मधला आहे ना, जहाज त्याच्याकडे बघून निवडा, धाकटीचं आणि थोरलीचं आपोआप जमेल. आम्हाला तेव्हा ते कळलंच नाही.

नंतर कळलं ते असं. बहुतेक मोठ्या जहाजांवर टीन क्लब असतो, साधारण १२-१३ वर्षांपासून १७ पर्यंतच्या मुलांसाठी. तिथे त्यांच्या वयाची मुलं, खेळ, रात्रीची पार्टी, सगळं असतं, आणि आईबाप तिथे नसतात हे त्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. १८ पूर्ण झाली की त्या दारातून आत जाता येत नाही. आणि वय धरतात ते साधारणपणे जहाज सुटायच्या दिवशीचं. म्हणजे बुकिंग करताना १७ची असलेली मुलगी प्रवासाच्या दिवशी १८ची झाली असेल तर तिला टीन क्लब नाही, मग तिथे तिच्याच वर्गातल्या मैत्रिणी का बसलेल्या असेनात. आता दुसरी बाजू. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर, म्हणजे कॅरिबियन, अलास्का वगैरे, दारू प्यायचं वय २१, आणि बऱ्याच कंपन्यांत प्रत्येक केबिनमध्ये एक तरी माणूस २१ किंवा त्याहून मोठा लागतो, आईवडील बाजूच्याच केबिनमध्ये असले तर काही ठिकाणी सूट मिळते पण ती मागून घ्यावी लागते. युरोपातून आणि आशियातून सुटणाऱ्या जहाजांवर हेच वय बहुतेक १८ असतं. म्हणजे तोच मुलगा, तीच कंपनी, पण जहाज कुठल्या बंदरातून सुटतं त्यावर तो मोठा की लहान हे ठरणार. १८ ते २० या वयाचा मुलगा अमेरिकेच्या बाजूच्या जहाजावर ना मुलांच्यात ना मोठ्यांच्यात, संध्याकाळ झाली की त्याच्यासाठी दारं बंद. काका सांगत होते की अशी पोरं त्यांनी कितीतरी बघितली, रात्री बुफेच्या कोपऱ्यात फोन घेऊन एकटी बसलेली.

इथे दारूवरून कुणी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या घरात दारू नाही, मुलगाही घेत नाही, किंवा मला तरी तसं वाटतं. पण प्रश्न पिण्याचा नाहीच मुळी, प्रश्न आहे की संध्याकाळी त्याने बसायचं कुठे. संगीत चालू असतं त्या जागा, डान्स फ्लोअर, रात्रीचे काही कॉमेडी शो, यातल्या बऱ्याच ठिकाणी वयाची पाटी असते. कसिनोचं वय परत वेगळं, काही जहाजांवर १८ काही ठिकाणी २१. हे एक आपल्या मुलांना ठाऊक असतं, मांडवीतल्या कसिनोंना २१ची अट आहे ना, ती त्यांनी ऐकलेली असते. बाकीचं ना आम्हाला माहीत होतं ना त्यांना.

काकांचं ऐकून आम्ही एका रविवारी तिघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि सांगितलं की प्रत्येकाने सुट्टीत काय हवं ते तीन ओळींत लिहून पाठवा, आणि जे अजिबात चालणार नाही ते एका ओळीत. हे मी सगळ्या आईबापांना मनापासून सांगेन, करून बघा. थोरलीने लिहिलं, गजर नको, कुणी उठवायला यायचं नाही, समुद्र दिसेल अशी खुर्ची पाहिजे. मधल्याने लिहिलं, बास्केटबॉल कोर्ट, जिम, माझ्या वयाचं कुणीतरी, आणि चालणार नाही त्या ओळीत, पप्पांच्या केबिनमध्ये झोपणार नाही. धाकटीचं होतं बीच, वायफाय, आणि मला सगळीकडे ताईबरोबर पाठवायचं नाही. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. मी मनात जो कार्यक्रम ठरवला होता, सकाळी सगळ्यांनी एकत्र नाश्ता, मग एकत्र पूल, मग एकत्र शो, त्यातलं यात काहीच नव्हतं. पण तिघांनीही जेवण एकत्र नको असं कुठे लिहिलं नव्हतं. तेच धरलं. रात्रीचं जेवण पाच जणांनी एकत्र, बाकी दिवस ज्याचा त्याचा, एवढा एकच नियम ठेवला आणि तो चारही दिवस टिकला.

आता तारखा. लहान मुलांची सुट्टी एकच असते, मोठ्या मुलांची तीन वेगवेगळी. आमच्याकडे एकीची बारावी आणि पाठोपाठ नीट, एकाची सेमिस्टर परीक्षा, एकीच्या ऑफिसची रजा, तिन्ही जमतील असे फक्त नऊ दिवस निघाले. आणि आपल्याकडचा समुद्र काही आपल्या सुट्टीप्रमाणे चालत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक, तसंच मुंबई-गोवा बाजूच्या क्रूझचा सीझनही पावसाळ्यात नसतो, ऑक्टोबर ते मे धरून चाला. युरोपच्या भूमध्य समुद्रातला मोठा सीझन उन्हाळ्यातला, दुबईकडचा हिवाळ्यातला. सिंगापूर मात्र बाराही महिने चालू असतं, फक्त मे ते ऑक्टोबर थायलंड-मलेशियाच्या पश्चिमेच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी वारा असतो, समुद्र थोडा उसळलेला मिळू शकतो. आमचे नऊ दिवस बसले ते सिंगापूरमध्येच. मुंबई-गोवा दोन-तीन रात्रींची ट्रिपही बघितली होती, मुलांना बोट लागते का हे कमी पैशात कळायला ती चांगलीच आहे, पासपोर्ट पण लागत नाही, आणि आपल्याला मुरगावलाच चढता किंवा उतरता येतं का ते विचारावं, कारण प्रत्येक फेरीला तशी सोय असेलच असं नाही. पण त्या मार्गावर २०२१ पासून चालणारं जहाज १९९० साली बांधलेलं, साधारण अठराशे माणसांचं. सिंगापूरची जहाजं त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी. तीन रात्रींना लहान जहाज छान, जास्त दिवस असतील तर १९ वर्षांच्या मुलाला फिरायला जागा लागते.

केबिनचं मात्र नीट सांगितलंच पाहिजे कारण आम्हाला त्रास झाला तो तिथेच. क्रूझचे भाव छापतात ते माणशी, एका केबिनमध्ये दोन माणसं धरून. तिसरा-चौथा माणूस त्याच केबिनमध्ये टाकला तर त्याचं भाडं बरंच कमी असतं, म्हणून एजंट चार जणांना एका केबिनमध्ये बसवायला बघतो. लहान मुलं असतील तर ठीक आहे. पण तिसरी आणि चौथी जागा म्हणजे बहुतेक वेळा भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायची फळी, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखी, आणि बाथरूम एकच, ते पण ट्रेनच्या टॉयलेटपेक्षा जरासंच मोठं. आमचा मधला सहा फूट आहे. पाच जणांना तीन केबिन घेतल्या तर एकात एकच माणूस राहतो आणि त्या एकट्याला जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. म्हणून दोन केबिन, तीन अधिक दोन, हेच परवडणारं होतं.

आमच्या एजंटने, नाव लिहीत नाही, दोन केबिन बुक केल्या. एकात आम्ही दोघं आणि थोरली, दुसऱ्यात मधला आणि धाकटी, आणि ती दुसरी केबिन चार मजले वर, जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. मी विचारलं तर म्हणाला काळजी करू नका मॅडम, नंतर ॲडजस्ट होतं. ॲडजस्ट काही झालं नाही. उलट निघायच्या वीस दिवस आधी कंपनीकडून मेल आला की त्या केबिनमधली एक प्रवासी १८च्या खाली आहे, दुसरा त्या कंपनीच्या नियमात जबाबदार मोठा माणूस म्हणून बसत नाही, नावं बदला नाहीतर बुकिंग रद्द. त्या तीन दिवसात ह्यांचं बीपी वाढलं. शेवटी नावं बदलून थोरलीला मुलांच्या केबिनमध्ये टाकलं, २३ची असल्यामुळे कंपनीने मान्य केलं, आणि केबिन शेजारी-शेजारी मिळवायला वरचे पैसे भरावे लागले. हे पैसे मला अजून सलतात. कारण पहिल्याच दिवशी मुलांची वयं टाकून शेजारच्या केबिन मागितल्या असत्या तर ते लागलेच नसते. जहाजात शेजारच्या केबिन वेगळ्या आणि आतून दार असलेल्या कनेक्टिंग केबिन वेगळ्या, हेही तेव्हाच कळलं. एजंट दोन्हीला बाजूबाजूच्या म्हणतो. कनेक्टिंग मोजक्याच असतात आणि लवकर जातात. आणि स्वस्तातली गॅरंटी केबिन सांगतात ती घेऊ नका, त्यात केबिन कुठली मिळणार ते कंपनी ठरवते, एकट्या जोडप्याला चालेल, मुलं असलेल्या घराला नाही.

पैशांचं बोलायचं तर तिकिटाचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. बंदराचे चार्ज आणि टॅक्स वेगळे, स्टाफची टीप माणशी दररोज मोठ्या कंपन्यांत साधारण १५ ते २० डॉलर, ती पाच जणांची चार दिवसांची केली तर मोठी रक्कम होते. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा टॅक्स, कापतात, तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना धरता येतो, त्याची पावती सांभाळून ठेवा. वायफाय दर माणशी किंवा दर फोन. आणि हे घरात सगळ्यांना ओरडून सांगा की जहाज बंदर सोडतंय तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर, कारण समुद्रात फोन आपोआप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर येतं. पेयांच्या पॅकेजचं पण एक आहे, काही कंपन्यांत केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावंच लागतं, म्हणजे थोरलीने हौसेने घेतलं असतं तर मधल्याचे पण भरायला लागले असते. सगळ्या खर्चाला केबिनचं कार्ड दाखवायचं आणि सही करायची, खिशातून पैसे जात नाहीत त्यामुळे मुलांना कळतच नाही. रिसेप्शनवर जाऊन मुलांच्या कार्डाला मर्यादा घालून मागता येते. आम्ही घातली, पण तिघांना आधी सांगून, त्यांच्यासमोर.

पासपोर्टचं एक खास लिहायचंय. आपल्याकडे १८च्या आतल्या मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल ते. १५ ते १८च्या मुलांना १० वर्षांचा मागून घेता येतो पण फॉर्मवर तसं निवडावं लागतं. धाकटीचा आम्ही दहावीत काढलेला, तेव्हा ते बघितलंच नाही, आणि प्रवासाला पासपोर्ट निदान सहा महिने चालू लागतो. तिला १८ व्हायला पाचच महिने होते. पणजीच्या पासपोर्ट ऑफिसला धावपळ करून नवीन मिळाला, माणसं तिथली चांगली होती, पण हे डोक्यात नसलं तर एअरपोर्टवरून परत यायची वेळ. व्हिसाचंही बघा. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, आणि जहाज बाहेर जाऊन परत तिथेच येतं तर परत आत यायला चालणारा पाहिजे. युरोपात जहाज शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या, बाहेरच्या बंदराला लागून परत येणार असेल तर शेंगेन मल्टिपल एंट्री. अलास्काची जहाजं व्हँकुव्हरहून सुटली तर अमेरिका आणि कॅनडा दोन्ही. गोव्यात तर काही घरांत बापाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि मुलांकडे भारतीय असं पण आहे, तिथे प्रत्येकाचं वेगळं मांडायला लागेल. आणि विमानाने जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा, फ्लाइट चुकली म्हणून जहाज थांबत नाही.

आता प्रत्यक्ष जहाजावरचं. चढल्या चढल्या सगळ्यांना मस्टरला जावं लागतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं. आमच्या मधल्याला ते बोअर वाटलं आणि चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांचं हे शिकून व्हायचंच होतं, तेव्हापासून मस्टर जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या करायचा नियम आला. आपल्या कोकणातल्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको, १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, सासूबाईंच्या माहेरी त्या दिवसाचं नाव काढलं तरी बायका गप्प व्हायच्या. तो मग नीट उभा राहिला, आणि आमची जमायची जागा कुठली ते त्यानेच लक्षात ठेवलं.

पहिल्या रात्री धाकटी टीन क्लबला गेली. मी केबिनमध्ये जागी. बऱ्याच जहाजांवर १७ आणि त्याखालच्यांना रात्री १ नंतर एकटं बाहेर फिरता येत नाही, पण आई म्हणून १ वाजेपर्यंत थांबणं सोपं नसतं, फोन लागत नाही, दर्याचा आवाज, आणि ती कुठल्या मजल्यावर आहे माहीत नाही. सव्वाबाराला आली, दोन मुली आणि एक मुलगा सोडायला आलेले, चेन्नईचे आणि जकार्ताचे, तिचा चेहरा असा फुललेला मी दहावीनंतर बघितला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आरशावर चिठ्ठ्या लावायचं ठरवलं, कुठे आहे आणि किती वाजता येणार, घरातल्या फ्रिजवर लावतो तसं. जहाजाच्या ॲपमध्ये चॅट होतं पण चिठ्ठ्याच जास्त उपयोगी पडल्या. आणि मुलींना, मुलांनाही, केबिनचा नंबर नवीन ओळखीच्यांना सांगायचा नाही, कुणाच्या केबिनमध्ये जायचं नाही, भेटायचं ते जिथे माणसं आहेत तिथे, आणि आपला ग्लास सोडून जायचा नाही, हे मी निघायच्या आधी स्पष्ट शब्दांत बोलले. मुलाशी बोलायला ह्यांना जड गेलं, मीच बोलले. सिंगापूरच्या जहाजावर १८ला बार उघडा असतो, तिथे जाऊन मग रागवण्यापेक्षा सड्यावर आमच्या ओट्यावर बसून बोललेलं बरं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आई, मला कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं.

तो चारही दिवस बास्केटबॉल कोर्टवर होता. तिथेच त्याला त्याच्या वयाची पाच-सहा मुलं भेटली, पुण्याची, हैदराबादची, एक मलेशियाचा, आणि रात्री ती सगळी म्युझिकच्या जागी एकत्र बसायची, वयाची पाटी १८ची होती म्हणून. काकांनी जहाज मधल्याकडे बघून निवडा म्हटलं होतं ते मला त्या रात्री लांबून त्याला हसताना बघून कळलं.

वाटेत मलेशियाचं पोर्ट क्लांग बंदर लागतं, तिथे उतरून क्वालालंपूरला जायचा हट्ट करू नका, रस्त्याने तासाभराहून जास्त जातो आणि तेवढाच परत यायला, ट्रॅफिक लागलं तर जीव टांगणीला. थोरली उतरलीच नाही, तिची समुद्राची खुर्ची आणि झोप, आणि मी पण तिला उठवायला गेले नाही. फुकेतला आमचं जहाज लांब नांगरलं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेलं, त्यात रांगेत तास जातो, आणि समुद्र खवळला तर ते बंदर रद्दही होऊ शकतं, लक्षद्वीपच्या बाजूलाही हेच. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधली केबिन मागावी, हलणं तिथे कमी. आल्याचा तुकडा आणि डॉक्टरला विचारून अवोमीनची गोळी, एवढं बरोबर असलं की पुरे.

जेवणाचं फार लिहीत नाही, भारतीय जेवण मिळतं, शाकाहारीही मिळतं. पण दुसऱ्या रात्री आमच्या टेबलावर जो वाढायला होता त्याने आमचं बोलणं ऐकलं आणि हळूच कोंकणीत विचारलं, तुमी खंयचीं? तो सासष्टीचा. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही, मुलगी तीन वर्षांची, ती चालायला लागली तेव्हा हा जहाजावर. मुलांनी त्याच्याशी रोज गप्पा मारल्या. शेवटच्या रात्री मधल्याने त्याच्यासाठी स्वतःच्या कार्डातले उरलेले पैसे वेगळी टीप म्हणून द्यायचे का असं विचारलं, आम्ही हो म्हटलं. तारवट्यांच्या गावातून आलेल्या मुलांनी तरी जहाजावर ताट वाढणाऱ्याला नावाने हाक मारावी असं मला वाटतं.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच. दिवाळीनंतर क्रूझच्या जाहिराती परत सुरू होतील, तेव्हा पुरवणीत एक चौकट वयाची छापा. टीन क्लब कितीपर्यंत, केबिनमध्ये मोठा माणूस किती वर्षांचा लागतो, रात्रीच्या जागांना १८ की २१, आणि हे सगळं कुठल्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजाचं, ते लेखी. ट्रॅव्हलवाल्यांना पण विनंती, फॉर्मवर पहिल्यांदा मुलांच्या जन्मतारखा घ्या, बजेट नंतर विचारा.

आमच्या मागच्या घरात मे महिन्याच्या बुकिंगचं चाललंय. त्यांचा मुलगा एप्रिलमध्ये १८चा होतो आणि धाकटी १५ची. काल संध्याकाळी त्या मुलांची आई ब्रोशर घेऊन आली, कुठलं जहाज चांगलं विचारायला. मी आधी मुलाचा पासपोर्ट आणायला सांगितलं.

आपली नम्र,
तीन मुलांची आई, सडा, वास्को